शिताखालचा अंगठा

माणूस समोर आला की लोक त्याच्या तोंडाकडे बघतात. मी हातांकडे बघतो. ही सवय चांगली नाही, असं कमळा मला लग्न झाल्यापासून सांगत होती. "पाहुणा आला की त्याच्या डोळ्यांत बघून 'या' म्हणावं. हातांकडे काय बघता? त्याने काही आणलंय का ते?" कमळा माझी बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली होती, सवय मात्र गेली नव्हती.

तर गुणवंती माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली तेव्हाही मला आधी तिचे हातच दिसले. मिठाने आणि मासळीच्या पाण्याने पांढरट पडलेली बोटं. उजव्या तर्जनीच्या पेरावर आडवा चिरा, विळीचा, जुना. दोन्ही हातांत हिरव्या काचेच्या बांगड्या आणि काखेत एक बोचकं.

"ठसेवाले सायेब तुमीच काय?"

"मीच. चाळके. काय काम आहे?"

१९८६ सालचा फेब्रुवारी होता. रत्नागिरीच्या पोलीस कचेरीच्या मागच्या अंगाला माझी एक खोली होती. टेबल, टेबलावर काच, भिंग, ब्रश, काळी आणि पांढरी पावडर, शाईचा रूळ आणि लोकांच्या बोटांच्या कागदांनी भरलेलं कपाट. कुठे घरफोडी झाली की मी जायचो, कपाटांवर आणि खिडकीच्या गजांवर पावडर मारायचो आणि बोटं उचलून आणायचो. पुण्याहून ही बदली मी मागून घेतली होती. माझं मूळ गाव सावर्डे. आपल्या मुलखात गेलं की बरं वाटेल, असा समज होता. समजच तो. सावर्ड्याच्या घराला कुलूप, रत्नागिरीत भाड्याची खोली, आणि उठून जावं असं एकही दार नाही. रविवारी सकाळी दूधवाल्याला 'अर्धा लिटर' म्हटलं की सोमवारी कचेरीत येईपर्यंत माझं बोलणं संपलेलं असायचं.

"बसा," मी म्हणालो. ती बसली नाही.

"गेल्या साली गणपतीच्या सुमाराला गुहागरच्या पुळणीवर एक मानूस लागला व्हता. पान्यातून आलेला. त्येचा ठसा तुमी घेतलाव ना?"

मी हातातलं भिंग खाली ठेवलं. तो माणूस मी विसरलो नव्हतो. विसरणं शक्यच नव्हतं.

नारळी पौर्णिमा होऊन दोनेक आठवडे झाले असतील तेव्हा मला गुहागरला बोलावणं आलं होतं. एसटी सावर्ड्याला दहा मिनिटं थांबली. मी खिडकीतूनच चहा घेतला, खाली उतरलो नाही. गुहागरला पोहोचलो तर तो माणूस शवविच्छेदनाच्या खोलीत ठेवलेला. बरेच दिवस पाण्यात होता. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. कमरेला काळा करदोटा, बाकी अंगावर काही नाही. करदोट्यावरून माणूस ओळखायचा तर अख्ख्या कोकणातले निम्मे पुरुष त्याच्यासारखेच.

बोटांची कातडी पाण्याने सुटून सैल झाली होती. अशा वेळी आमच्या धंद्यात एकच उपाय असतो. सांगायला बरा नाही, पण ही गोष्टच त्यावर उभी आहे म्हणून सांगतो. पेरावरची सुटलेली कातडी अलगद उतरवायची, आपल्या बोटावर चढवायची, आणि आपल्या बोटाने ती शाईवर फिरवून कागदावर ठसा घ्यायचा. बाकीची बोटं कामातून गेली होती. उजव्या अंगठ्याची कातडी तेवढी धड होती, ती मी माझ्या उजव्या अंगठ्यावर घातली. ठसा स्वच्छ उठला. मधोमध चक्र, आणि चक्राच्या डाव्या अंगाला एक रेघ मध्येच फुटून पुन्हा जुळलेली, त्यामुळे तिथे डोळ्याएवढं बेट झालेलं. मग ती कातडी मी डॉक्टरांच्या हवाली केली आणि ती देहाबरोबर गेली. न्यायला कोणी आलं नाही. माझ्या कपाटात एक कागद राहिला, त्यावर लिहिलं होतं: अनोळखी पुरुष.

"तुमचं कोण हरवलंय?" मी विचारलं.

"घरवाला. भिवा." मग तिने नाव घेतल्याबद्दल जीभ चावल्यासारखं केलं आणि पुढे एका दमात सगळं सांगितलं. भिवा मिरकरवाड्याच्या एका होडीवर खलाशी होता. पौर्णिमेला नारळ वाहून होडी बाहेर गेली आणि चौथ्या दिवशी खडकावर फुटली. चौघे पोहून आले. भिवा आला नाही. पुढे गुहागरला माणूस लागल्याची खबर आली, पण ती इथे पोचेपर्यंत त्याला अग्नी देऊन झाला होता. तरी तिचा दीर दत्ताराम आणि सगळी आळी एकाच सुराने म्हणू लागली की तो भिवाच.

"कोनी बगितला त्येला?" गुणवंती मला विचारत होती. "कोनीच नाय. मागं एकाला दुसऱ्या होडीवाल्यांनी उचलून पार गुजरातेत वेरावळला नेलेला, तो दीड म्हयन्यानं आला. तसा माजा नाय येनार कशावरून?"

"सहा महिने झाले, बाई."

"सा म्हयने झाले ता मला ठावक हाय." तिने बांगड्या मागे सारल्या. "पन आता शिमगा आला. देवीची पालखी दारात येनार. वटी कोन भरनार? जाऊ म्हनते, तू नको भरू, तुजा आता हक नाय. मी वटी भरली आनि तो नसला, तर देवीचा कोप घरावर. नाय भरली आनि तो असला, तर सायेब, मीच त्येला मारला. तो मानूस माजा व्हता का नव्हता, येवडाच सांगा. मग मी काय करायचा ता करीन."

पालखी दारात आली की घरातली सवाशीण देवीची ओटी भरते. शिमग्याला साधारण महिना होता. म्हणजे गुणवंतीने सवाशीण म्हणून दारात उभं राहायचं की आत बसायचं, हे माझ्या कपाटातल्या एका कागदावर येऊन अडलं होतं.

कागद होता, पण तो जुळवायचा कशाशी? भिवाचा जिवंतपणीचा ठसा हवा. मी विचारलं, त्याने कुठे अंगठा दिलाय का? सोसायटीत, रेशनच्या कचेरीत, कुठेही?

तेव्हा ती पहिल्यांदा हसली. "तो अंगठा देनारा नव्हता. चौथी शिकलेला! सही करायचा, खाली दोन रेघा मारून. माजाच अंगठा सगळ्या कचेऱ्यांत हाय. मला म्हनायचा, अंगठेबहाद्दर."

तो अंगठेबहाद्दर असता तर आज दहा मिनिटांत सापडला असता. चार यत्ता शिकला आणि सरकारला सहीशिवाय काही देऊन गेला नाही.

"मग त्याच्या हातातलं काही आहे?"

"आनलाय ना! हवालदारांनी सांगितलेला, त्येची वस्तू घेऊन जा." तिने टेबलावर बोचकं सोडलं. स्टीलचा पेला, दाढीचा आरसा, वस्तरा आणि पितळेची चुन्याची डबी. माझ्या उघड्या खिडकीतून ऊन येत होतं आणि त्या चारही वस्तू डोळ्यांवर येतील इतक्या चकचकत होत्या. राखेचा आणि चिंचेचा वास सुटला होता.

माझा पारा चढला. "हे घासलंत?"

"व्हय."

"कशाला घासलंत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला घासायला?"

"सायबाकडं जायचा," ती गोंधळून म्हणाली, "तर मळका कसा आनायचा? सा म्हयने तसाच ठेवलेला वळचनीला, हात नव्हता लावला, ना कोनाला लावू दिला. काल सांजच्याला घासलंय."

मी काय काय बोललो ते सगळं इथे लिहीत नाही. ओरडलो एवढं खरं. तुमच्या नवऱ्याची बोटं या पेल्यावर होती, सहा महिने होती, आणि काल तुम्ही ती राखेनं खरवडून मोरीत सोडलीत, असं काहीतरी बोललो. तिला कळायला जरा वेळ लागला. मग ती खाली फरशीवरच बसली आणि आपल्या हातांकडे बघत राहिली.

मला माझीच लाज वाटली. तिला ओरडणारा मी कोण होतो? कमळा गेल्यावर महिन्याभराने एका रविवारी मी कचेरीतून पावडर आणि ब्रश घरी नेला होता. डब्यांची झाकणं, कपाटाची मूठ, तिची औषधाची बाटली, देव्हाऱ्याची काच, सगळ्यावर पावडर मारली. बाया येऊन घर आवरून गेल्या होत्या. भांडी धुतली होती, बाटली पुसली होती. जिथे तिथे माझीच बोटं निघाली. आयुष्यभर लोकांच्या घरातले ठसे उचलणाऱ्या माणसाला स्वतःच्या बायकोचं एक बोट ठेवता आलं नव्हतं. मी सगळं फडक्याने पुसलं आणि पिठलं टाकून जेवलो.

"कागद काही आहे का?" मी आवाज उतरवून विचारलं. "त्याने लिहिलेला?"

कमरेच्या चंचीतून तिने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक पत्र काढलं, पण माझ्या हातात दिलं नाही.

निळं आंतर्देशीय होतं. लग्नानंतर एकच मोसम भिवा मुंबईला ससून डॉकला बोटीवर गेला होता, तिथून आलेलं. त्याचं आजवरचं एकच पत्र. वाशात खोचून ठेवलेलं. दोन वर्षांपूर्वी कौल सरकलं, पाणी गळलं, आणि शाई सगळी धुऊन गेली. कागदावर नुसते निळसर डाग होते, अक्षर एक नव्हतं.

"तुम्हाला वाचता येतं?"

"नाय. जावेच्या लेकीनं वाचून दाखवला व्हता, तवा पाठ झाला. बगा." तिने पत्र मांडीवर पसरलं आणि कोऱ्या कागदावर बोट ठेवून ओळीमागून ओळ म्हणायला लागली. "गुनवंतीस आशीर्वाद. मी इकडे खुशाल आहे. इकडे पापलेट मोटं लागतं पन चव नाही. तू पान्यात जास्त उभी राहू नको. काळजी करू नये. शिमग्यास येतो." शेवटच्या ओळीशी बोट थांबलं. "आनि आला व्हता सायेब. पालखीच्या आदल्या दिवशी आला व्हता."

ती बोट कसं फिरवते आहे, हे मी बघत होतो. तेव्हाच मला कळायला हवं होतं. इतक्या वर्षांच्या नोकरीत ही गोष्ट माझ्या डोळ्यांसमोर घडली आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. कागदावरची बोटं आम्ही एका औषधाने जांभळी करून बघतो, पण ते औषध घामातल्या अमिनो आम्लांवर चालतं, आणि ती पाण्यात विरघळतात. भिजलेल्या कागदावर त्याचा उपयोग शून्य. मात्र पुण्याच्या एका मित्राने मला परदेशी मासिकातल्या एका नव्या पद्धतीची चक्रमुद्रित पानं पाठवली होती. बोटात घामाबरोबर तेलही असतं आणि तेल पाण्याने जात नाही. चांदीचं एक द्रावण करायचं. त्यात चांदीचे कण इतके बारीक सुटतात की माझ्या भिंगाखालीसुद्धा एकटा कण दिसायचा नाही. कागद त्यात ठेवला की ते कण जिथे तेल असेल तिथेच जाऊन बसतात. एकावर एक बसत गेले की करडी रेघ दिसायला लागते, आणि रेघांचं बोट होतं. मी ती पानं तीनदा वाचली होती, केलं मात्र कधीच नव्हतं.

हे सगळं मी तिला माझ्या परीने सांगितलं. कागद बिघडेल हेही सांगितलं. करडा पडेल, कदाचित काळा ठिक्कर होईल.

"चांदी लागते?" ती म्हणाली, आणि मी हो म्हणायच्या आत खाली वाकून पायातली जोडवी काढायला लागली.

"अहो, अहो, राहू द्या! तशी चांदी नाही लागत. बाटलीत मिळते ती लागते."

"ही खरी हाय. कुवारबावच्या सोनाराकडची."

"असेल खरी. त्यात तांबं असतं, द्रावण बिघडेल," मी म्हणालो. तांब्याचं कारण खोटं नव्हतं. पण ती जोडवी माझ्या हातात नकोत, हे त्याहून खरं होतं. तिने ती परत बोटांत सरकवली, आणि मग पत्र माझ्या टेबलावर ठेवलं.

पुढचे तीन आठवडे मी जेवढा माणसांत वावरलो तेवढा चार वर्षांत वावरलो नव्हतो. चांदीची बाटली कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या मास्तरांकडून मिनतवाऱ्या करून आणली. शुद्ध पाणी बॅटरीच्या दुकानातून. दुकानदाराने विचारलं, "गाडी घेतलीत काय साहेब?" भांडी एवढी स्वच्छ लागतात की मी काचेची ताटं आठ-आठ वेळा विसळत होतो, आणि घासण्यावरून त्या बाईला बोललो ते मला दर वेळी आठवत होतं. पहिला नमुन्याचा कागद बुडवला तो तव्यासारखा काळा झाला. दुसराही तसाच. मग पानं पुन्हा वाचली, कागद आधी आंबट पाण्यात धुवायचा हे नीट केलं, आणि सहाव्या खेपेला माझ्याच एका जुन्या भिजवलेल्या पाकिटावर माझाच अंगठा करडा होऊन वर आला. आजूबाजूला कोणी नसताना मी मोठ्याने "वा!" म्हणालो.

होळीला चार दिवस उरले असताना मी गुणवंतीला बोलावून घेतलं. आधी तिच्या दहाही बोटांचे ठसे घेतले, तिचे कुठले ते ओळखता यावेत म्हणून. मग ती बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी खिडकीला पडदा ओढला, पत्र आंबट पाण्यात धुतलं आणि द्रावणात सोडलं.

पाच मिनिटं काही नाही. मग डावीकडे, पहिल्या ओळीच्या जागेवर, एक करडी सावली उठली. तिच्याशेजारी दुसरी. मग ओळीच्या ओळी उठायला लागल्या. ताट हलवत, भिंग लावून मी वाट बघत राहिलो. पहिलं बोट स्पष्ट झालं, त्याच्या पेरावर आडवा चिरा होता. दुसऱ्या बोटावर आडवा चिरा. तिसऱ्यावर, दहाव्यावर, विसाव्यावर तोच चिरा. 'मी इकडे खुशाल आहे' जिथे असेल तिथे तिचं बोट. 'पापलेट'वर तिचं बोट. शेवटच्या ओळीच्या टोकाला तर इतकी एकावर एक, की तिथे नुसती करडी पायवाट पडली होती.

भिवाचं एकही बोट नव्हतं. असेल, पण तिच्या बोटांखाली. एवढी वर्षं ती त्याला वाचत होती आणि वाचता वाचता तिने त्याला झाकून टाकलं होतं. मी ताटाशी उभा राहिलो आणि मला रडू आलं. कोणासाठी ते नक्की सांगता येत नाही. देव्हाऱ्याच्या काचेवर निघालेली माझीच बोटं मला आठवत होती. माणूस गेला की त्याच्या घरात आपण इतके फिरतो, इतके हाताळतो, की शेवटी सगळीकडे आपणच उरतो.

आता बाहेर जाऊन तिला काय सांगायचं, याची जुळवाजुळव करत मी पत्र साध्या पाण्याच्या ताटात घेतलं. ते धुताना कडेची एक पट्टी हलली.

आंतर्देशीय पत्र फाडून उघडलं की चिकटवलेल्या घडीची पट्टी कागदाला तशीच चिकटून राहते. या पत्रालाही बोटभर रुंदीची एक पट्टी राहिली होती. पावसात भिजूनही सुटली नव्हती, म्हणून ती कागदाचाच भाग असं मी धरून चाललो होतो. आंबट पाण्याने आणि द्रावणाने ती आता सुटत होती. चिमट्याने उचलून बघितलं तर खाली डिंक नव्हता. वाळलेली, चपटी झालेली भाताची चार-पाच शितं होती.

मी शितं मऊ ब्रशने धुऊन काढली आणि ती जागा पुन्हा चांदीत ठेवली. या जागेला पत्र बंद झालं तेव्हापासून कोणाचा हात लागला नव्हता. सात मिनिटांनी तिथे एक अंगठा आला. नुसता आला नाही, ठसठशीत आला. डॉकवर काम करणाऱ्या माणसाच्या हाताला मासळीचं तेल कायम असतं, आणि चांदीला तेलच हवं होतं. मधोमध चक्र होतं. चक्राच्या डाव्या अंगाला डोळ्याएवढं बेट होतं.

कपाटातला कागद काढायची गरज नव्हती, तरी काढला. बारा खुणा जुळल्या की आम्ही 'एकच' म्हणतो. मी चौदावर थांबलो.

एक शंका उरली होती. पत्र भलत्याच कोणी चिकटवलं असेल तर? मी दार उघडून तिला आत बोलावलं, आणि शक्य तितक्या सहज विचारलं, "हे पत्र भाताच्या शितांनी चिकटवलंय. असं कोण करेल?"

तिच्या तोंडावर एकदम उजेड आला. "तोच! तोच त्यो! सरकारच्या डिंकावर त्येचा इस्वास नव्हता. मला म्हनायचा, सरकारचा डिंक थुकीवर चालतो, आपला भात बरा. जेवताना ताटातली शितं बाजूला ठेवायचा आनि अंगठ्यानं अशी दाबायचा, अशी." तिने माझ्या टेबलाच्या काचेवर अंगठा दाबून दाखवला. "माजी सासू वरडायची, अन्न हाय ता, खळ नाय. तरी आयकायचा नाय." ती हसत होती. आपण काय सांगून बसलो हे तिला कळलं नव्हतं, आणि ते तिला कळवणं आता माझं काम होतं.

मी सव्वीस वर्षं अहवाल लिहिले. 'सदर ठसे एकाच व्यक्तीचे आहेत' हे वाक्य मी शेकडो वेळा लिहिलं असेल. त्या दिवशी ते तोंडाने म्हणता येईना.

"गुणवंतीबाई," मी म्हणालो, "त्या शितांखाली त्याचा अंगठा सापडला. गुहागरचा माणूस तोच होता."

ती हसायची थांबली. रडली नाही. टेबलाची कड धरून उभी राहिली. खिडकीचा पडदा मी बाजूला केला आणि ताटातलं ओलं पत्र तिला दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं.

"हे सगळा काय?"

"ती तुमची बोटं. आणि हा तो."

"माजी येवडी?" ती म्हणाली. "आनि त्येचा येकच?"

"एकच. पण स्वच्छ आहे."

मग तिने तो प्रश्न विचारला. "सायेब, लोक म्हनतात त्येचा काय धड रायला नव्हता. मग तुमी ठसा कसा घेतलाव?"

या प्रश्नाला कचेरीत एक उत्तर असतं: शास्त्रीय पद्धतीने. मी ते दिलं नाही. खरं सांगितलं. त्याच्या अंगठ्याची कातडी मी माझ्या अंगठ्यावर घातली आणि माझ्या हाताने त्याचा ठसा उठवला, असं सांगितलं. सांगताना मी खाली बघत होतो. ती किंचाळेल, किंवा शिसारी येऊन बाहेर जाईल, असं मला वाटलं.

"कुठला?"

मी उजवा अंगठा पुढे केला.

तिने तो दोन्ही हातांत धरला. चार वर्षांत माझ्या हाताला हात लागला होता तो फक्त आरोपींचा, शाई लावताना. तिचे हात खरखरीत होते आणि त्यांना मासळीचा वास होता. मी हात काढून घेतला नाही.

"गार व्हता?"

खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण खोटं बोलायची गरजच नव्हती. "आधी होता," मी म्हणालो. "मग माझ्या अंगठ्यावर ऊन झाला."

तिने मान हलवली. बाहेर कुठेतरी शिमग्याचे ढोल वाजवून बघत होते. "म्हंजे यंदा वटी जाऊ भरील," ती म्हणाली, घरात कामं वाटून द्यावीत तसं. माझा हात मात्र तिने सोडला नाही. चिरा पडलेलं ते बोट तिने माझ्या अंगठ्याच्या पेरावर ठेवलं आणि डावीकडून उजवीकडे सावकाश फिरवलं. मग पुन्हा डावीकडे नेऊन थोडं खाली घेतलं. तिचे ओठ हलत होते. शब्द मला ऐकू येत नव्हते, पण ते मला पाठ होते. मी हात तसाच धरून उभा राहिलो, तिचं बोट शेवटच्या ओळीशी येऊन थांबेपर्यंत.